सात नंबरचा ढीग

आक्का, तुमच्या तेराव्याची वाट कुणी पाहिली नाही. नवव्या दिवशीच पुरातत्त्व खात्याची गाडी आली आणि तुमच्या ढिगापाशी जाऊन उभी राहिली. तारीख त्यांनी आधीच ठरवलेली होती, तुम्ही मध्येच गेलात त्याला ते काय करणार. बालाजीनं मला विचारलं, माय, येतीस का, का सुतक हाय म्हणून सांगू? मी म्हणाले, येते. बावीस वर्षं मी त्या दिवसाची वाट पाहत होते, सुतक मला काय अडवणार.

तुम्हाला वाचता येत नव्हतं. मी चौथी पास. जिवंतपणी तुम्हाला चिठ्ठी लिहिली असती तर ती मलाच वाचून दाखवावी लागली असती. तरी लिहिते, कारण तोंडानं बोलून आपलं कधी धड झालं नाही. तुम्ही म्हणायच्या, पारबते, तुझ्या तोंडाला देवानं झाकणच केलं न्हाई. तुमच्या तोंडाला नुसतं झाकणच होतं, त्याबद्दल कोण बोलणार. लग्न होऊन आले तेव्हापासून थोरली जाऊ म्हणून तुम्हाला 'तुम्ही' म्हणत आले. भांडतानासुद्धा 'तुम्ही'च म्हणाले. आताही तसंच चालू ठेवते.

आपलं भांडण एकच. बाकीची भांडणं ही भांडणं नव्हती, ती रोजची कामं होती. हे भांडण त्या ढिगाचं.

जिंतूरच्या अंगाची आपली जमीन म्हणजे निम्मी माती आणि निम्मा दगड. वरच्या माळावर मोठमोठ्या धोंड्यांचे गोल आहेत, बारा-तेरा. काहींच्या मधे मातीगोट्यांचा उंचवटा अजून टिकून आहे, काही झिजून सपाट झालेत. गावात त्यांना राक्षसाची खळी म्हणतात, कारण दिसतात तसे. साहेब लोकांनी सांगितलं की ही खळी नव्हेत, हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी आपली माणसं इथं पुरलीत. आपल्या आजेसासऱ्याच्या आज्यानं त्यांतलेच धोंडे उपटून आखाड्याला, म्हणजे शेतातल्या आपल्या घराला आणि गोठ्याला, भोवती भिंत घातली. ती भिंतही आता सरकारच्या कागदात आहे, नंतरच्या काळातलं शेतीचं आवार म्हणून. आपल्या म्हशी रोज तिला पाठ घासतात, ते कागदात नाही.

या सगळ्यात सात नंबर वेगळा. तिथं गोल दिसायचाच नाही. नुसता ढीग, पुरुषभर उंच, तुमच्या वाटणीच्या शेताच्या कडेला. आणि तो ढीग कुण्या हजारो वर्षांपूर्वीच्या माणसानं केलेला नाही. तुम्ही आणि मी केलाय. डोक्यावर पाटी घेऊन.

तुमचं माहेर चुडावा. तिकडं काळीभोर जमीन, दगड बघायचा तर रेल्वेच्या रुळाकडं जायचं, असं तुम्हीच सांगायच्या. मी आले त्या वर्षी नांगरट झाल्यावर सासूबाईंनी आपल्या दोघींना दगड वेचायला लावलं. चैताचं ऊन. तुम्ही विधवा होऊन वर्ष झालेलं. मला घरात एवढंच सांगितलं होतं की थोरले दीर शेतात पान लागून गेले. साप म्हणायचं नाही, पान म्हणायचं, हे मला माहेरूनच माहीत होतं. शेतात कुठं, कसं, हे नव्या नवरीला कुणी सांगत नाही आणि तिनं विचारायचं नसतं. मी विचारलं नाही.

तेव्हा ढीग कमरेएवढा होता, पसरट, खालचं काही दिसत नव्हतं. मला वाटलं, दगड टाकायची घरची जागा आहे. मी पाटी कडेला नेऊन उपडी करायची. धडधड आवाज व्हायचा. तुम्ही पाटी खाली ठेवायच्या आणि एकेक दगड उचलून वर मांडायच्या. माझ्या पाच खेपा व्हायच्या तोवर तुमच्या दोन. सासूबाई बांधावरून बघायच्या, पण तुम्हाला कधी हळू म्हणून बोलल्या नाहीत. मला बोलायच्या. मी मनात म्हणायची, थोरलीचे लाड आहेत. एकदा तुम्ही मला म्हणालात, वतू नकू, ठेव. मी म्हणाले, धोंडेच तर आहेत, अंडी थोडीच आहेत. तुम्ही हसला नाहीत. तुम्हाला विनोद कळत नाही असं मी ठरवून टाकलं.

ते खोटं होतं. तुम्हाला विनोद चांगला कळायचा. माझ्या मालकांनी एकदा रागानं भाकरीची पाटी लाथाडली, तेव्हा तुम्ही सगळ्या भाकरी गोळा करून, माती झटकून त्यांच्याच पुढं ठेवल्या आणि म्हणालात, भावजी, पायानं मळलेल्या हायत, आता गोड लागतील. त्या दिवसापासून त्यांनी ताटाला पाय लावला नाही. बालाजी झाला तेव्हा मला ताप होता, तर सव्वा महिना पोर तुमच्याजवळ होतं. तो तुम्हाला मोठी माय म्हणायचा आणि मला नुसती माय. पाचवीत गेला तरी दप्तर तुमच्या घरात टाकायचा. मला राग यायचा आणि बरंही वाटायचं, कारण माझ्या हाताला तेवढाच आराम.

तीस वर्षं आपण त्या ढिगावर दगड नेले. दर नांगरटीला जमीन नवे दगड वर आणते, जणू खालून कुणी देतं. मग बावीस वर्षांपूर्वी साहेब लोक आले, त्यांनी माळ मोजला, धोंड्यांवर पांढऱ्या रंगानं आकडे घातले आणि निळा फलक लावला. ढिगाला सात आकडा घातला तेव्हा मी हंडा घेऊन बांधावर उभी होते. मला हसू आलं. शेत तुमचं म्हणून तुम्हाला बोलावलं, तुमचा जबाब लिहून घेतला, अंगठा घेतला. तुम्ही काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. साहेब माझ्याकडं बघून म्हणाला, तुम्हाला काही सांगायचंय का. मी पदर पुढं ओढला आणि मान हलवली. घरात पुरुष असताना बाईनं साहेबाशी बोलायचं नसतं, असं तेव्हा होतं. पण खरं कारण ते नव्हतं. मला वाटलं, ढिगाला आकडा पडला तर पडू दे, आपलं काय जातं.

गेलं ते पाणी. त्याच उन्हाळ्यात पाणाड्या आला, हातात नारळ घेऊन शेतभर फिरला, आणि ढिगापासून चाळीस पावलांवर थांबला. त्याच्या हातातला नारळ उभा राहिला. सगळ्या शेतात पाणी असलं तर इथंच, म्हणाला. बालाजी विहिरीची परवानगी मागायला गेला तर उत्तर आलं, सात नंबरपासून शंभर मीटरच्या आत विहीर नाही, बोअर नाही, पत्र्याचं शेडसुद्धा नाही. सात नंबर नसता तर हद्द मागं सरकली असती आणि विहीर झाली असती. मी त्या दिवशी संध्याकाळच्या स्वयंपाकाआधी तुमच्या दारात आले. मी म्हणाले, आक्का, तुम्ही साहेबाला खोटं सांगितलं. तो ढीग आपला आहे. उद्या तालुक्याला जाऊन खरं सांगा.

तुम्ही पीठ चाळत होता. चाळणी थांबवली नाही. म्हणालात, खाली खळं हाय.

मी म्हणाले, खळ्यावर कुणी धोंडे टाकतं का? आखाड्यात आपलं खळं आहे, मी आले तेव्हापासून बघतेय. खळ्यात आपण पायताण घालून जात नाही, आणि तुम्ही म्हणता त्यावर तीस वर्षं दगड टाकले. येड्याला सांगा.

तुम्ही पुढं काही बोलला नाहीत. मला वाटलं, सापडली. खोटं सापडल्यावर माणूस असंच गप्प बसतं. त्या दिवसापासून मी तुमच्या घरचा चहा घेतला नाही. चूल चुलीला लागून, भिंत एक, आणि बावीस वर्षं चहा नाही. बाकी सगळं घेतलं. मीठ घेतलं, मिरची घेतली, पोराला दिलेला खाऊ घेतला. चहा नाही.

पुढं तुम्ही तुमच्या वाटणीची सगळी जमीन बालाजीच्या नावानं केली. कुणी मागितली नव्हती. त्या दिवशी मी तुम्हाला बोलले ते मला आठवतं. मी म्हणाले, जमीन दिली आणि पाणी ठेवून घेतलं, अशी कशी ही माया? तुम्ही म्हणालात, त्या दगडाला हात लावू नका, बाकी सगळं तुमचंच हाय. आणि फलक लागल्यावर तिथं दगड टाकायला बंदी झाली, तरी दर नांगरटीनंतर तुम्ही पदराआड एखादा दगड नेऊन ठेवायच्याच. खात्याचा राखणदार ओरडायचा. तुम्ही त्याला म्हणायच्या, बाबा, एक वाढला तर तुझं काय घटतंय? मला वाटायचं, मला डिवचायला चाललंय हे सगळं.

आता शेवटच्या आठवड्याचं लिहिते. लिहायचं नव्हतं, पण त्याशिवाय पुढचं खरं होणार नाही.

तुम्हाला उठवत नव्हतं. मी तुमचं अंग पुसत होते. तुमचं सगळं मीच केलं, आणि ते मी उपकार म्हणून सांगत नाही, दुसरं कोण करणार होतं. पुरातत्त्वची नोटीस येऊन पडली होती की हद्द नव्यानं आखायची आहे, जुन्या माणसांचे जबाब घेणार आहेत. मला ठाऊक होतं की तुम्ही फार दिवसांच्या नाही. मी ओलं फडकं हातात धरून म्हणाले, आक्का, आता तरी खरं सांगा. तुमच्या तोंडून आलं तर मला तुमच्याविरुद्ध बोलावं लागणार नाही.

तुम्ही म्हणालात, मी सांगितलं तेच हाय. खाली खळं हाय.

मी म्हणाले, मग धोंडे का टाकले?

तुम्ही माझ्याकडं बघितलं. मग म्हणालात, तू नंतर आलीस. आणि भिंतीकडं कूस बदलून दे, म्हणालात.

मी बदलून दिली. जोरात बदलली. तुमचं खांद्याचं हाड माझ्या हाताला लागलं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. चार दिवसांनी तुम्ही गेलात.

नवव्या दिवशी आलेली मॅडम तिशीतली होती, कापडी बूट, डोक्यावर टोपी, बोलायला नीट. लिंबाखाली खुर्च्या टाकल्या. बालाजी होता, राखणदार होता, आणि तुमचा भाऊ दिगंबर, जो चुडाव्याहून रेल्वेनं परभणी आणि तिथून एसटीनं तुमच्या दिवसांसाठी आला होता, तो काठी घेऊन कडेला बसला. मॅडमनी फाईल उघडली आणि तुमचा बावीस वर्षांपूर्वीचा जबाब वाचून दाखवला. 'ढिगावरचे दगड मी व माझ्या जावेने शेतातून वेचून टाकले आहेत. ढिगाखाली जुना धोंड्यांचा गोल आहे. त्या गोलात आमचे घराणे पूर्वी खळे करीत होते.' खाली तुमचा अंगठा.

मला धक्का बसला. मी बावीस वर्षं समजत होते की तुम्ही साहेबाला ढीग हजारो वर्षांचा म्हणून सांगितला. तुम्ही तर दगड आपले आहेत हे पहिल्याच ओळीत सांगून टाकलं होतं. माझं नावसुद्धा घेतलं होतं. साहेबांनी सात आकडा ढिगाला घातलाच नव्हता, खालच्या गोलाला घातला होता.

तिथं मी थांबायला पाहिजे होतं. पण बालाजी माझ्याकडं बघत होता. उन्हाळ्यात दीड मैलावरून पाणी आणून त्यानं मोसंबीची झाडं जगवायचा प्रयत्न केला होता आणि सगळी वाळली होती. आणि माझी बावीस वर्षं होती. मॅडम म्हणाल्या, आजी, तुम्हाला काय माहीत आहे तेवढंच सांगा. मी म्हणाले, दगड आमचे हे खरं. खालचं खोटं. खळं लक्ष्मी असते, तिच्यावर कुणी दगड टाकत नाही, या माळावर कुणालाही विचारा. माझी जाऊ खोटं बोलली.

त्यांनी लिहून घेतलं. मी सही केली, पूर्ण नावानिशी. तुमचा अंगठा आणि माझी सही एकाच फाईलमध्ये लागली. दिगंबर भाऊ काही बोलले नाहीत, त्यांना कमी ऐकू येतं.

मॅडम म्हणाल्या, भांडायचं कारण नाही, वरचे दगड जुने नाहीत हे दोघींनाही मान्य आहे, तेवढे हातानं बाजूला करून बघू. गावातल्याच पाच माणसांना कामाला लावलं. तीन दिवस लागले. मी तिन्ही दिवस बांधावर बसून होते. सुतकातली म्हातारी ऊन अंगावर घेत बसली म्हणून गावात बोलणं झालं, पण मला घरात बसवत नव्हतं. दर दगडाला वाटायचं, आता काही नाही निघालं तर विहीर आणि निघालं तर मी खोटी. बालाजी दर तासाला यायचा, बघायचा आणि जायचा. 

दगड उचलणाऱ्यांत सरू होती, पाटलाच्या वाड्यामागं राहते ती. तिला गप्प बसवत नाही. तिनं विचारलं, आत्या, यातला तुमचा कोंचा आन् थोरल्या आत्याचा कोंचा? मी म्हणाले, फेकलेला माझा, ठेवलेला तिचा. ती हसली. पण मग बघितलं तर खरंच ओळखू येत होतं. कडेचे दगड कसेही पडलेले, मधले एकावर एक बसवलेले, कुठं फट नाही. मॅडमनी त्याचे फोटो काढले. मी मान फिरवली.

दुसऱ्या दिवशी कडेला मोठे धोंडे दिसू लागले. एक, मग दोन, मग वाकत जाणारी ओळ. बालाजीचा चेहरा उतरला. मी त्याला म्हणाले, आखाड्याच्या भिंतीसाठी आणून टाकलेले उरले असतील. माझा आवाज मलाच पटला नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी सरूचं फावडं ठक्क वाजलं. मॅडमनी सगळ्यांना मागं घेतलं आणि ब्रशनं झाडायला लागल्या. मी उठून जवळ गेले. मॅडम आपल्या माणसाला सांगत होत्या की ही चोपलेली जमीन दिसते. मला कुणी सांगायची गरज नव्हती. चोपलेली, शेणानं सारवलेली, बैलांच्या खुरांनी घट्ट झालेली जमीन मी आयुष्यभर बघितलीय. ते खळं होतं. वर काळं पडलेलं भूस चिकटलेलं होतं. आणि मधोमध मेढ उभी होती.

मॅडमना मेढ कळेना. मी सांगितलं. मळणीचे बैल जिच्याभोवती फिरवतात तो खांब. बाभळीचा, वरून वाळवीनं खाल्लेला, मांडीएवढा उरलेला, पण गाभा शाबूत. दाव्याच्या घासानं पडलेली खाच त्याला तशीच होती. मी खाली बसले आणि त्या खाचेत बोट घातलं. मग ते झटकन काढून घेतलं. कारण खळं सरलं, रास उचलली की घरधनी नारळ फोडतो आणि स्वतःच्या हातानं मेढ उपटून घरी आणतो. मेढ खळ्यात कुणी सोडत नाही. भूस झाडल्याशिवाय कुणी खळं सोडत नाही. हे खळं सरलेलं नव्हतं. चालू खळं कुणीतरी तसंच टाकून गेलं होतं.

मी मागं वळून दिगंबर भाऊंकडं बघितलं. ते काठी टेकत तिथवर आले होते. मेढीकडं बघून त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

"ह्येच खळं," ते म्हणाले. "दाजी पेंढ्या सोडायलालते. दुपारची येळ. पेंढीतच पान लागलं. मी बैल घिऊन आलतो मळायला, माझ्यासमूर झालं. समदे दाजीला उचलून गावाकडं पळाले. बैल तसेच मेढीभवती फिरायलालते. कुणाच्या ध्यानातच न्हाई. मग आक्का एकलीच माघारी आली, बैल सोडले, पाणी दावलं, आन् मग गावाकडं गेली. तवर दाजी संपलते."

मी विचारलं, मेढ?

"मालकानं काढायची आस्ती. मालक ऱ्हायला न्हाई. तुमच्या सासऱ्याचा हात धजला न्हाई. पुढं आक्कानं एकेक दगूड निऊन ठिवायला सुरवात केली. कुणी सांगितलं न्हाई, कुणी आडवलं बी न्हाई." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "तुमाला ठावं न्हवतं?"

मी म्हणाले, नाही.

आक्का, मी तिथंच बसून राहिले. मला रडू आलं नाही. तुम्हाला माहीत आहे, मला येत नाही. मी मनात खेपा मोजत होते. माझ्या पाच, तुमच्या दोन. मी शेत साफ करत होते आणि तुमच्या शेजारी उभी राहून, तुमच्या नवऱ्याच्या मरणाच्या जागेवर धडधड पाट्या ओतत होते, आणि तुम्ही मला एकदाच म्हणालात, ठेव. दुसऱ्या कुणी माझं तोंड फोडलं असतं.

मला तुमचाही राग आला, तो लिहायलाच हवा. बावीस वर्षांत एकदा सांगता आलं नसतं का? पीठ चाळताना, चाळणी खाली ठेवून, एकच वाक्य? पण मग मी माझा दारातला आवाज आठवला. मी विचारायला आलेच नव्हते. मी कबुली घ्यायला आले होते. कबुली घ्यायला आलेल्या माणसाला कोण सांगतं. आणि अंग पुसताना मी जे केलं तेही तेच होतं. तुम्ही म्हणालात, तू नंतर आलीस. मला तो टोमणा वाटला. ती फक्त बरोबर माहिती होती.

मॅडम म्हणाल्या, या सारवलेल्या जमिनीच्याही खाली त्या जुन्या काळचं कुणीतरी पुरलेलं असणार, ते आम्ही आत्ता उकरणार नाही, पण हद्द आहे तशीच राहील. मी म्हणाले, खालचं असू द्या, मला एवढ्यातच पुरे झालं.

हद्द राहील म्हणजे विहीर नाही. हे बालाजीला सगळ्यांत आधी कळलं. तो माझ्यापाशी येऊन म्हणाला, माय, इहीर गेली. मी म्हणाले, गेली. मला वाटलं आता हा बोलेल, माझ्यावर ओरडेल, तुमच्यावर ओरडेल. त्यानं चपला काढल्या. मग अनवाणी त्या खळ्यात उतरला, मेढीपर्यंत गेला आणि उकिडवा बसला. मॅडमचा माणूस त्याला बाहेर या म्हणून सांगायला निघाला, तर मॅडमनी त्याला हातानं थांबवलं. ती पोरगी चांगली आहे.

मी मॅडमना म्हणाले, माझा जबाब फाडून टाका. त्या म्हणाल्या, आजी, लिहिलेला कागद फाडता येत नाही, नवा जोडता येतो. मग मी कागद मागितला. त्या म्हणाल्या, तुम्ही सांगा, मी लिहिते. मी म्हणाले, मला येतं. फाईल मांडीवर घेऊन मी माझ्या अक्षरात लिहिलं: 'माझी जाऊ द्रौपदाबाई हिने सांगितले ते सर्व खरे आहे. मी तिला खोटी म्हणाले ते खोटे आहे. मी नंतर आले, मला माहीत नव्हते.' सही केली, ती पहिल्यासारखी आली नाही. मॅडम म्हणाल्या, चालतं.

तुमचं तेरावं नीट झालं. शंभर पानं उठली. जेवणं झाल्यावर मी तुमच्या चुलीवर चहा केला. दोन कप दिगंबर भाऊंना दिले, एक मी घेतला. साखर कमी पडली होती. तुमच्याकडं साखर कोणत्या डब्यात असते तेही मला माहीत नव्हतं.

गाडी दुसऱ्या दिवशी निघाली. खळं तसंच उघडं ठेवणार आहेत, भोवती तार लावून. मेढ मात्र ठेवणार नाहीत, उघड्यावर वाळवी खाईल म्हणाले. मी मागितली. मॅडम म्हणाल्या, देता येत नाही, संरक्षित जागेतली वस्तू आहे. मी वाद घातला नाही. तुमच्या घरात आता मेढ आणायला आहे तरी कोण. त्यांनी ती पांढऱ्या कापडात गुंडाळली, सुतळीनं बांधली, वर चिठ्ठी बांधली आणि गाडीत ठेवण्याआधी मला दाखवली. चिठ्ठीवर आधी सातचा आकडा, मग 'लाकडी मेढ', आणि खाली काळ लिहायच्या जागी 'अलीकडचा'.

खळं तसंच राहिलं त्याला त्रेपन्न वर्षं झालीत, आक्का. मी ती चिठ्ठी दोनदा वाचली. मॅडमनी विचारलं, आजी, काही चुकलंय का?

मी म्हणाले, नाही. बरोबर लिहिलंय.